चार वावरांचा एक अंगठा

अमडापूरच्या बसस्टँडसमोर कादरभाईंचा फोटो स्टुडिओ होता. आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावांतली लग्नं त्यांनी कॅमेऱ्यात धरली होती. पण हातोहाती मोबाईल आले, आणि स्टुडिओत फक्त पासपोर्ट फोटोपुरती माणसं येऊ लागली. तेव्हा कादरभाईंनी फोटोच्या पडद्याची अर्धी जागा मोकळी केली आणि तिथं आसमानं, त्यांच्या मुलीनं, संगणक मांडला. चिखलीच्या कॉलेजात बी.कॉम. झालेली आसमा सातबारा काढून द्यायची, शिष्यवृत्तीचे, दाखल्यांचे अर्ज भरायची.

ही गोष्ट कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली त्या सालची, म्हणजे दोन हजार सतराची. बीटी बियाण्याच्या बोंडाला अळी लागत नाही, असं लोक इतकी वर्षं धरून चालले होते. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, कमरेच्या वर गेली, बोंडं भरगच्च लागली, आणि वेचणीला हात घातल्यावर कळलं की आत काही नाही. वरून हिरवंगार बोंड, फोडलं की सडलेली कवडी, म्हणजे घट्ट चिकटलेला कापूस, आणि तिच्यात वळवळणारी गुलाबी अळी.

दिवाळी होऊन दोन आठवडे झाले असतील. उत्तमराव नावाचे शेतकरी स्टुडिओत आले आणि मोबाईल आसमासमोर धरून म्हणाले, "पोरी, पाय बरं, यात तुले अळी दिसते का?"

फोटोत त्यांचाच हात होता. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत फोडलेलं बोंड. आसमानं डोळे बारीक केले.

"नाही दिसत, काका."

"मलेही नाही दिसून राह्यली. पण वावरात दिसली होती. आता सायबाले कशी दिसीन?"

नुकसानभरपाईसाठी कृषी खात्याकडे तक्रारीचा अर्ज द्यायचा होता, आणि त्याला फोटो जोडायचा होता. आसमाला एक वेबसाइट ठाऊक होती. फोटो तिथं चढवला की त्यावर गोल काढता यायचा, बाण मारता यायचा, मजकूर लिहिता यायचा, शिक्केही उमटवता यायचे. तिनं फोटो मोठा केला, कवडीच्या फटीत अळी शोधली, तिच्याभोवती लाल गोल काढला आणि बाणाच्या शेपटीला लिहिलं, 'गुलाबी अळी'. खाली पट्टीत नाव, गट नंबर, तारीख.

उत्तमरावांनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. "आता आंधळ्यालेही दिसीन," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिघं आले, तिसऱ्या दिवशी नऊ. कोणाच्या फोटोत न उमललेली, पाकळ्या एकमेकींत गुंतलेली फुलं होती. त्यांना डोमकळ्या म्हणतात हे आसमाला त्याच आठवड्यात कळलं. कोणाच्या फोटोत बोंडाला सुईच्या टोकाएवढं छिद्र. आसमा गोल काढायची, बाण मारायची, लिहायची. बघता बघता तिची नजर अशी तयार झाली की फोटो उघडल्याबरोबर कीड कुठं आहे ते तिला कळू लागलं.

कादरभाईंना हे फारसं पसंत नव्हतं. ते म्हणाले, "बेटा, हम फोटो के पीछे लिखते थे. ऊपर कभी नहीं."

त्यांच्याकडे एक जुना रबरी शिक्का होता. प्रत्येक फोटोच्या पाठीमागं ते तो मारायचे. त्यावरून आसमाला सुचलं. तिनं वेबसाइटवर एक गोल शिक्का तयार केला. वरच्या कडेला 'कादर फोटो, अमडापूर' आणि मधोमध 'मूळ फोटो'. शेतकऱ्यानं स्वतःच्या मोबाईलवर स्वतःच्या वावरात काढलेला फोटो तिनं पाहिला आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण लोकांना तो फार आवडला. "शिक्का मारजो बरं," असं जो तो बजावून जाऊ लागला. कृषी सहायक वंदनाताईसुद्धा एकदा स्कूटी थांबवून सांगून गेल्या, "तुझ्या इथले अर्ज वाचायला सोपे जातात गं. बाकीच्यांचे नुसते हिरवे ठिपके."

आसमाच्या आयुष्यात तिच्या कामाचं असं कौतुक पहिल्यांदाच झालं होतं.

डिसेंबर अर्धा सरला तेव्हा गोजरबाई आल्या. साठीच्या, एकट्या राहणाऱ्या, तीन एकराच्या धनी. दारातच चपला काढून त्या आत आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"मोबाईल आणला का, मावशी?" आसमानं विचारलं.

"माह्यापाशी मोबाईल नाही. अन् फोटो काढाले पऱ्हाटीही नाही. उपटून टाकली म्या."

"काऊन उपटली?"

"त्या वंदनाबाईनं सांगतलं ना. वावरात येऊन सांगतलं. फरदड ठेवू नका, उभी पऱ्हाटी ठेवली तर अळी पुढच्या सालालेही येते. मंग म्या उपटली. हरभरा पेरला. आता लोक म्हणतात, फोटो पाहिजे. ज्यायनं उपटली नाही, त्यायचे फोटो हायेत."

गावात बहुतेकांनी पऱ्हाटी फरदड म्हणून तशीच उभी ठेवली होती, चार बोंडं अजून फुटतील या आशेनं. सांगितलेलं ऐकलं ते या बाईनं, आणि तिच्याच हाती पुरावा नव्हता.

"काही होईन का, पोरी?" गोजरबाईंनी विचारलं. एवढंच विचारलं. खोटं कर, असं त्या म्हणाल्या नाहीत, हे आसमाला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं.

संगणकात उत्तमरावांचा फोटो होता. आसमानं त्याच्या कडा कापल्या, मागचं आभाळ गेलं. नाव बदललं, गट नंबर बदलला. गोल आणि बाण तसेच राहिले. शिक्का मारताना तिचा हात क्षणभर थांबला. पण शिक्का नसलेला फोटो उलट डोळ्यांत भरला असता. तिनं तो मारला.

छापलेला कागद गोजरबाईंनी हातात घेऊन बराच वेळ पाहिला. त्यांना वाचता येत नव्हतं. पण त्या म्हणाल्या, "हा हात माया नाही."

"असू द्या, मावशी. हात कोण पाहते? अळी तर तुमच्याही वावरात होती ना?"

"होती."

"मंग झालं."

गोजरबाईंनी कागदाची घडी केली आणि पदरात बांधली.

अशी गोष्ट एकट्यापुरती राहत नाही. तीन दिवसांनी गोजरबाईंच्या धुऱ्याला, बांधाला लागून वावर असलेल्या जनकाबाई आल्या. त्यांनीही पऱ्हाटी उपटली होती. एकीला दिलं आणि दुसरीला नाही, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? मग भाऊराव आले. तेही म्हणाले, "मीही उपटली." आसमानं त्यांना काही विचारलं नाही. तोवर तिला त्या फोटोची सवय झाली होती.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वंदनाताई स्टुडिओत आल्या. या वेळी स्कूटी बंद करून, हेल्मेट काढून आत आल्या. त्यांनी पिशवीतून चार कागद काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

"भाऊरावांच्या गटात या वर्षी सोयाबीन होतं," त्या म्हणाल्या. "मी स्वतः पाहिलं आहे. म्हणून त्यांचा अर्ज मी पुन्हा उघडला. मग वाटलं, हा अंगठा आपण कुठं तरी पाहिलाय."

चारही फोटोंत एकच अंगठा होता. नख काळंनिळं पडलेलं, मधोमध उभी चीर. उत्तमरावांच्या अंगठ्यावर दसऱ्याच्या सुमारास गाडीचं जू पडलं होतं. आसमानं तो अंगठा इतक्या वेळा पाहिला होता, पण तिची नजर दर वेळी गोलाच्या आत होती. गोलाबाहेर काय आहे ते तिनं पाहिलंच नव्हतं.

"चार वावरं, आणि अंगठा एकच," वंदनाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यानं आसमाला जास्त लागलं. "आता ऐक. तुझा शिक्का असलेले त्रेचाळीस अर्ज आहेत. वरून सांगितलंय, सगळे बाजूला ठेवा. परवा ग्रामपंचायतीत सगळ्यांना बोलावलंय."

त्या गेल्या. पडद्याच्या पलीकडून कादरभाईंनी सगळं ऐकलं होतं. ते येऊन समोरच्या स्टुलावर बसले. आसमाला वाटलं, आता ते आपल्या जुन्या शिक्क्याबद्दल, नावाबद्दल बोलतील.

ते म्हणाले, "चाळीस लोग सच्चे हैं ना?"

"जी, अब्बा."

"फिर उनका सोच. अपना बाद में."

तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचा हॉल भरून गेला. शेतकरी सतरंज्यांवर, बायका भिंतीला टेकून. आसमा दाराजवळ अब्बांच्या शेजारी उभी होती. उत्तमरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मग न राहवून तिथूनच बोलले, "माया तर खराच होता न वं? माया फोटो, माया हात, अन् आता मलेच इचारून राह्यले का हा अंगठा कोणाचा! काय करू, कापून देऊ यायले?"

कोणी तरी हसलं. उत्तमराव हसले नाहीत.

वंदनाताईंनी एकेकाला पुढं बोलावलं. भाऊराव आलेच नव्हते. जनकाबाईंना विचारल्यावर त्यांनी मान खाली घातली आणि काही केल्या वर केली नाही. मग गोजरबाईंचं नाव पुकारलं गेलं.

"मावशी, हा फोटो तुमच्या वावरातला आहे का?"

गोजरबाईंनी कागद हातात घेतला. साऱ्या हॉलकडे पाठ करून त्या सरळ वंदनाताईंशीच बोलल्या. "नाव माया हाये. वावराचा नंबर माया हाये. हात माया नाही. म्या तवाच सांगतलं होतं त्या पोरीले, हा हात माया नाही म्हणून. थे म्हणे, हात कोण पाहते."

हॉलमध्ये कुजबुज उठली. गोजरबाईंना आसमाचं काही बिघडवायचं नव्हतं. विचारलं ते त्यांनी सांगितलं होतं. दार मोकळं होतं. बाहेर पडावं, बसस्टँडवर जी गाडी उभी असेल तिच्यात बसावं आणि खामगावला आईच्या बहिणीकडे, खालाजानकडे निघून जावं, असं आसमाच्या मनात आलं. पण गोजरबाई अजून कागद धरून तिथंच उभ्या होत्या, आणि सगळे त्यांच्याकडं पाहत होते, जणू चोरी त्यांनीच केली होती.

आसमा पुढं गेली.

"मावशीनं मले खोटं कर म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "उत्तमकाकाचा फोटो म्या कापला. मावशीचं, जनकाबाईचं अन् भाऊरावचं नाव म्या टाकलं. शिक्काही म्याच मारला. बाकीचे चाळीस खरे हायेत. थे मी लिहून देतो."

वऱ्हाडात पोरीही रागात, घाईत 'देतो' म्हणून जातात. कोणी तिला हसलं नाही.

"लिहून दिल्यानं भागणार नाही," वंदनाताई म्हणाल्या. "आता तुझा शब्द आणि तुझा शिक्का, दोन्ही चालत नाहीत. मला वावरं पुन्हा पाहावी लागतील. त्रेचाळीस. आणि हाती आहेत दहा दिवस."

"मी येते तुमच्यासंगं. फोटो पुन्हा काढते. माणूस वावरात उभा करून."

मागून कादरभाईंचा आवाज आला. "कॅमेरा माझा घ्या. मोबाईल नको."

ते दहा दिवस आसमा कधी विसरली नाही. सकाळी वंदनाताईंची स्कूटी पुढं आणि कादरभाईंची जुनी लुना मागं. कॅमेरा गळ्यात अडकवून आसमा अब्बांच्या पाठीशी. अमडापुरात वाढूनही तिनं एवढी वावरं कधी पाहिली नव्हती. फोटोत पऱ्हाटी म्हणजे एक बोंड असायचं. इथं ती एकरच्या एकर उभी होती, पानं लालसर पडलेली, आणि वाऱ्याचा झोत आला की सुकलेली बोंडं एकमेकांवर वाजायची. माणसं सुरुवातीला तोंड वाकडं करायची. एकानं तर विचारलं, "आज कोणाचा हात लावशीन?" आसमानं ऐकून घेतलं. धुऱ्यावरची विहीर किंवा बाभूळ मागं येईल असं त्याला उभं केलं, बोंड त्याच्याच हातानं फोडायला लावलं, आणि फोटो काढला.

उत्तमरावांनी दोन्ही हात समोर धरले. काळ्या नखाखालून निम्मं नवं नख वर आलं होतं. "नीट घे," ते म्हणाले. "आता हा बदलला म्हणून पुन्हा नका अटकवू मले." मग जरा वेळानं, लुना सुरू होता होता, त्यांनी विचारलं, "जेवल्या का, पोरी? भाकर हाये." तिघांनी त्यांच्या गोठ्याच्या सावलीत ठेचा-भाकर खाल्ली.

गोजरबाईंचं वावर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. तिथं काय काढायचं तेच आसमाला कळत नव्हतं. हरभरा वीतभर झाला होता, हिरवा, स्वच्छ. कपाशीची खूणसुद्धा नाही.

"पऱ्हाट्या कुठं टाकल्या, मावशी?" वंदनाताईंनी विचारलं.

"घरामागं. चुलीले लागतात ना."

वंदनाताईंनी कपाळाला हात लावला. "मी जाळायला सांगितलं होतं!"

"जाळूनच राह्यली. रोज थोड्या थोड्या," गोजरबाई म्हणाल्या.

घरामागं खरंच पऱ्हाट्यांची निम्मी उरलेली गंजी होती. काड्यांना वाळकी बोंडं तशीच चिकटलेली. गोजरबाई गंजीपाशी उकिडव्या बसल्या, एक बोंड तोडलं आणि अंगठ्यांनी फोडलं. कवडी काळी पडली होती. आत अळीनं पोखरलेली सरकी होती. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. पाच-सहा बोंडांनंतर दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या निघाल्या आणि त्यांच्या मधोमध गुलाबी जीव निजलेला.

"हे पाय," गोजरबाई म्हणाल्या.

आसमानं फोटो काढला. एक हातांचा, एक गोजरबाईंचा गंजीसकट, एक हरभऱ्याचा. दुपारी संगणकावर बसून तिनं त्यांच्यावर गोल काढले आणि लिहिलं, 'उपटलेली कपाशी', 'किडलेलं बोंड', 'याच वावरात आता हरभरा'. तारीख त्या दिवसाची टाकली, जानेवारीची. पीक उपटून महिना उलटला होता, म्हणून ती तारीख अर्जाला बाधणार हे तिला कळत होतं. शिक्क्याच्या जागी तिनं काहीच टाकलं नाही. वंदनाताईंनी खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं की, कपाशी उपटण्याचा सल्ला मीच दिला होता, आणि दौऱ्याच्या डायरीतली तारीख घातली.

चाळीस अर्ज पुढं गेले. जनकाबाईंनी आपला मागं घेतला. लोकांसमोर पुन्हा उभं राहायचं नाही, म्हणाल्या. आसमा दोनदा त्यांच्या घरी जाऊन आली, पण त्यांनी दार अर्धंच उघडलं. ते तिच्या मनाला लागून राहिलं. भाऊरावांचा अर्ज बाद झाला, आणि ते काही महिने स्टुडिओसमोरून जाताना रस्त्याच्या पलीकडून जात.

आणि गोजरबाईंचा अर्ज मार्चमध्ये परत आला. शेरा होता, 'पाहणीच्या वेळी पीक उभे नाही.'

तो कागद आसमालाच वाचून दाखवावा लागला. वाचताना तिला वाटलं, त्या खोट्या फोटोत अंगठा दिसला नसता तर कदाचित या बाईचं काम झालं असतं. मग वाटलं, तो फोटो मी केलाच नसता, पहिल्याच दिवशी गंजीपाशी गेले असते, तर पऱ्हाटी नुकतीच उपटल्याचं दिसलं असतं, डिसेंबरची तारीख पडली असती. गोजरबाईंनी मला एक प्रश्न विचारला आणि मी जागेवरून उठलेसुद्धा नाही.

"माफ करा, मावशी," ती म्हणाली.

"काय लिवलं होतं आपण त्यात? खरंच लिवलं होतं ना सारं?"

"हो. सारं खरं."

"मंग पुन्हा लिव. एकदा वाचून नाही समजलं असन त्यायले."

त्यांनी पुन्हा लिहिलं. वंदनाताईंनी डायरीच्या पानाची प्रत जोडली. ज्यानं खात्याचा सल्ला ऐकला त्याचंच पीक उभं नसणार, हे एका वाक्यात मांडायला आसमाला तीन कागद फाडावे लागले. मे महिन्यात वंदनाताई स्वतः तो अर्ज घेऊन चिखलीला, तालुक्याच्या कचेरीत जाऊन आल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मंजूर नावांच्या यादीचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. आसमा एकेक ओळ खाली सरकवत गेली. शेवटच्या पानावर गट नंबर बरोबर होता, गाव बरोबर होतं, आणि नाव छापलं होतं, 'गुजराबाई'.

गोजरबाईंना तिनं बोलावून घेतलं आणि नावातली चूक दाखवली. त्या पडद्याच्या अगदी जवळ आल्या.

"अक्षर चुकलं म्हणतेस? मंग तुले तर येते ना, त्या फोटोवर नीट करता?"

"येते," आसमा म्हणाली. "एक मिनिट लागते."

आधी गोजरबाई हसल्या, तोंडात दात थोडेच होते ते दाखवत, मग आसमा.

"किती वाजता हाये गाडी चिखलीची?" गोजरबाईंनी विचारलं.

"आता येईन अर्ध्या तासात. आधार कार्ड घ्या, अन् सातबारा माह्यापाशी हाये. नाव कचेरीतच नीट करून आणू."

कादरभाईंना दुकान बघायला सांगून आसमानं ओढणी सारखी केली. गाडी भरून आली होती, पण कंडक्टरनं गोजरबाईंना पुढची जागा करून दिली. बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. आसमा त्यांच्या शेजारी दांडा धरून उभी राहिली. कागदांची पिशवी तिनं छातीशी धरली होती, आणि बाहेर नांगरून ठेवलेली वावरं पेरणीची वाट पाहत मागं मागं जात होती.